टोपलीत राहिलेली तीन भेंडोळी

मी बजरंग पेंटर. नांदेडहून लातूरला जाणाऱ्या रस्त्यावर गॅरेजची जी रांग लागते, तिच्यात माझं पत्र्याचं शेड आहे आणि त्याला खेटून सिद्धलिंगअप्पाचं वायरिंगचं दुकान. मी ट्रक रंगवतो, अप्पा ट्रकला दिवे लावून देतो. मधी एकच पत्रा. त्या पत्र्याला भोक पडलेलं आहे, त्यातून वर्षानुवर्षं तंबाखूची पुडी, पक्कड आणि माझ्या शिव्या इकडून तिकडं जाऊन राहिल्या. माझं डोकं लवकर तापतं, हे अख्ख्या लायनीला माहीत आहे. अप्पाचं तापत नाही. त्याला नुसते प्रश्न पडतात, आणि ते ऐकून माझं तापतं.

अप्पा मूळचा चाकूरचा. लातूरला एका उस्तादाच्या हाताखाली शिकला आणि मग इकडं येऊन दुकान टाकलं. अंगानं काटक, कपाळावर भस्माचे पट्टे, कानावर एक पेन्सिल. ती पेन्सिल वापरताना मी त्याला आजवर पाहिलं नाही. गाडी दारात आली की बाकीचे वायरमन बॉनेट उघडतात. हा बाबा स्टूल ओढून मालकापुढं बसतो आणि चौकशी सुरू करतो. गाडी कुठं कुठं फिरली, ड्रायव्हर कोण कोण होते, त्यातला कोण केबिनमधी झोपायचा, पंखा कुणी बसवला, टेप कुणी काढून नेला. एकदा एका मालकाला त्यानं विचारलं, तुमच्या पोराचं लग्न कधी झालं. मालक म्हणाला, मी गाडी दाखवायला आलो का सोयरीक करायला? तर अप्पाचं म्हणणं, वरातीत गाडीला लाइटच्या माळा सोडल्या असतील, त्याला करंट कुठून घेतला तेवढं सांगा. आणि खरंच, हेडलाइटच्या मागं वरातीतला जोड तसाच लोंबत होता. तेव्हापासून लायनीतली पोरं त्याला फौजदार म्हणतात.

दिवा लागला की नाही, हे तो डोळ्यानं बघत नसे. गाडीच्या मागं जायचा आणि काचेवर तळहात ठेवून उभा राहायचा. काच कोमट लागली की मान हलवायचा. मला वाटायचं गिऱ्हाइकापुढं नाटकं करतो. अशी नाटकं मीबी करतो. ब्रश उचलायच्या आधी फळकुटाकडं डोळे बारीक करून बघत बसलं की मालकावर छाप पडते.

दुपारी त्याची बायको नीलाबाई डबा घेऊन यायची. अप्पा जेवेपर्यंत ती वायरच्या भेंडोळ्यांची टोपली पुढ्यात घेऊन बसे, तांदूळ निवडावेत तशी वायरी निवडे आणि टोकांना दोऱ्याच्या गाठी मारून ठेवी. मला वाटे, नवऱ्याजवळ दोन घटका बसायला मिळावं म्हणून बाई काम काढते. मी तिची चेष्टा करायचो. ती हसायची आणि गाठ मारायची.

तर यंदा थंडी सरता सरता उमरीकडून शेषेराव त्याचा ट्रक घेऊन आला. ट्रक म्हणजे जुना, पुढं लांब नाक असलेला, आता रस्त्यावर दिसत नाही तसला. शेषेरावच्या बापानं घेतलेला. जिनिंगला कापूस नेऊन नेऊन त्याच्या फळ्यांना आतून गुळगुळीतपणा आलेला. इंजिन अजून ठणठणीत, पण वायरिंगनं जीव खाल्ला होता. शेषेराव खाली उतरलाच नाही. म्हणाला, आधी बघा. आणि ब्रेक दाबला.

ब्रेक दाबला आणि हॉर्न वाजला. नुसता हॉर्न नाही, तर डॅशबोर्डवर बसवलेला माळेगावचा खंडोबा झगझगीत उजळला. मग त्यानं हॉर्न दाबला. हॉर्न वाजला, मागचे ब्रेकचे दिवे लागले आणि खंडोबा पुन्हा उजळला. अख्खी लायन काम टाकून बाहेर आली. चहाच्या गाड्यावरच्या एका म्हाताऱ्यानं तर हात जोडले. मला हसू आवरेना. शेषेराव मात्र रडकुंडीला आला होता. वळणावर ब्रेक दाबला की पुढच्याला वाटतं हा हॉर्न मारून दादागिरी करतो, दोन ठिकाणी भांडणं झाली, आणि वर जळाल्याचा वास येतो तो वेगळाच. तीन वायरमननी हात टेकले होते. महिनाअखेर पासिंगची तारीख. आरटीओच्या मैदानात गाडी उभी राहून दिवे धड लागले तर अजून काही वर्षं रस्त्यावर, नाहीतर भंगार. उमरीचा भंगारवाला येऊन गाडीला टिचक्या मारून गेला होता, हे सांगताना शेषेराव स्टेरिंगवरून हात फिरवत राहिला.

अप्पानं स्टूल ओढलं. पहिला प्रश्न, देव कुणी बसवला? शेषेराव म्हणाला, उमाशंकर नावाचा ड्रायव्हर होता, त्यानं. आता सोडून गेला. दुसरा प्रश्न, देवाचा दिवा कायम लागायचा की कधी कधी? शेषेराव आठवू लागला. मग म्हणाला, ब्रेक दाबला की लागायचा. उमाशंकरचं म्हणणं असं, की ब्रेक दाबायची वेळ म्हणजे देवाची गरज पडायची वेळ. अप्पा खूश झाला. स्टेरिंगच्या खाली डोकं घालून पाठीवर पडला आणि थोड्या वेळानं दिवाळीच्या माळेची असते तसली एक बारीक वायर ओढून दाखवली. उमाशंकरनं ब्रेकच्या दिव्याची वायर सोलून तिथून देवाला करंट नेला होता आणि ती वायर हॉर्नच्या वायरीला बांधून वर चढवली होती. स्टेरिंग फिरून फिरून दोन्हींची कातडी घासली, आतलं तांबं तांब्याला टेकलं. मग काय, एकाला दिलेलं दोघांना पोचायला लागलं. एवढ्याशा वायरीतून हॉर्नचा करंट जाऊन ती तापायची, तिच्यापायी शेजारच्या वायरी वितळून अख्खा जुडगा एकमेकांत चिकटला होता. दोष सापडला, पण वायरिंग सगळं नवं टाकायला लागणार होतं.

इथं अप्पानं जे केलं, ते त्याच्या स्वभावात नव्हतं. आमच्या समोरच नवं गॅरेज झालंय, तिथली पोरं लॅपटॉप लावून गाड्या बघतात. नव्या गाड्या सगळ्या तिकडं जातात आणि अप्पाकडं उरले हे असले म्हातारे ट्रक. त्या गॅरेजातला एकजण मागून म्हणाला, आता अप्पाच्या हातात काही राहिलं नाही, गाडी भंगारात जाऊ द्या. अप्पानं त्याच्याकडं बघितलंबी नाही. शेषेरावकडं बघून, सगळ्यांच्या देखत म्हणाला,

"ही गाडी माझ्या हातून पास झाली न्हाई, तर मी दुकानाला कुलूप लावून चाकूरला जातो."

मी पत्र्याला टेकून उभा होतो, तिथंच सरळ झालो. अप्पा बोललेलं मागं घेणारा माणूस नाही.

शेषेरावनं एकच अट घातली. मागच्या एका वायरमननं सगळ्या वायरी काळ्या टाकल्या होत्या. तेलंगणात भैंशाच्या पुढं कुठंतरी दिवे गेले, तिथल्या मिस्तरीनं ती काळी भेंडोळी बघून हात जोडले आणि माल रस्त्यात अडकला. तर आता प्रत्येक वायर वेगळ्या रंगाची पाहिजे. हॉर्नची लाल, ब्रेकची हिरवी, साइडच्या दिव्यांची तपकिरी, बाकीच्यांना निळी, पिवळी, पांढरी, काळी. कुठल्याबी गावचा मिस्तरी बघता क्षणी ओळखेल असं. त्याचा पोरगा सत्यम पुण्यात असतो, त्यानं चांगल्या जातीची भेंडोळी पाठवून दिली. अप्पानं मान डोलावून हाव म्हणलं. पण स्टुलावरून उठायला त्याला जरा वेळ लागला, आणि का लागला याचा मी तेव्हा विचार केला नाही.

त्याच आठवड्यात, भेंडोळी येऊन पोचायच्या आधीच, नीलाबाई चाकूरला गेली. लेक शिल्पा तिथंच दिलेली, तिचं बाळंतपण जवळ आलं होतं.

जुनं वायरिंग अप्पानं अलगद काढलं आणि माझ्या शेडपुढच्या मोकळ्या जागेत जमिनीवर पसरलं. पुढं हेडलाइटची टोकं, मधी डॅशबोर्ड, मागं टेललाइट. ट्रक उचलून नेला आणि त्याच्या शिरा तेवढ्या राहिल्या, असं ते दिसत होतं. सगळ्या वायरी धुळीनं, तेलानं, उन्हानं मातकट झालेल्या. कुठली कशाची, हे अप्पाला एकदाबी बघावं लागलं नाही. बोटानं चाचपत जायचा आणि सांगायचा, ही डायनॅमोची, ही सेल्फची, हा जोड नांदेडचा नाही, हा उदगीरच्या मिस्तरीचा पीळ आहे. मी काम टाकून ते ऐकत बसलो. मला काय, मला असल्या गोष्टींचं वेड आहे.

नवं काम झपाट्यानं सुरू झालं. निळी गेली, पिवळी गेली, पांढरी आणि काळी गेली. आणि मग थांबलं. टोपलीत तीन भेंडोळी तशीच पडून राहिली, लाल, हिरवी आणि तपकिरी. अप्पा डायनॅमो पुसत बसला. मग पान्हे पुसत बसला. मग कधी नाही ते दुकान झाडलं. विचारलं तर म्हणे डोकं धरलंय. दुसऱ्या दिवशी म्हणे आज अमावस्या. मी कॅलेंडर बघितलं, अमावस्या कुठल्या कुठं. लायनीतले लोक म्हणायला लागले, बाई गावाला गेली आणि अप्पाचा करंट गेला. अप्पा त्यांच्यासंगं हसायचा, पण तोंड उतरलेलं.

इकडं मी बेजार. ट्रक माझ्या शेडच्या तोंडाशी आडवा, दुसरी गाडी आत घेता येईना. शेषेराव अप्पाला फोन करायचा तर अप्पा उचलायचा नाही, मग मला करायचा. झालं का, झालं का. मी काय वायरमन आहे का? एकदा तर मी भोकातून ओरडलो, की अप्पा, कुलूपच लावायचं असलं तर लाव, पण माझी वाट मोकळी कर. पलीकडून काही आवाज आला नाही. तेव्हा मला वाटलं, हे काहीतरी वेगळं आहे. भांडणाला भांडण मिळालं नाही की माणसाच्या डोक्यात दुसरे विचार येतात. आणि तो माणूस दोष सापडलेला असताना गप्प बसून राहिलाय, हे मला कळेना. ज्याला दुसऱ्याच्या ड्रायव्हरची झोपायची जागा विचारल्याशिवाय राहवत नाही, तो समोरच्या टोपलीकडं बघतसुद्धा नाही?

त्याच दुपारी मी रस्त्याकडेला लावलेल्या एका टेम्पोवर गुलाब काढत होतो. अप्पा आला. दोन हातात दोन भेंडोळी. इकडं तिकडं बघून, उगीच विचारावं तसं विचारलं,

"पेंटर, तुझ्या गुलाबात जो रंग हाय, तसली वायर ह्यातली कोणती?"

मला वाटलं चेष्टा करतो. मी म्हणलं, अप्पा, उन्हात बसून डोकं फिरलं का, डोळे फुटले का? आणि वर बघितलं. तो हसत नव्हता. माझ्याकडं असा बघत होता, की मी शिव्या दिल्या तरी चालतील पण उत्तर द्यावं. माझा ब्रश हातातच राहिला. एका हातात रक्तासारखी लाल वायर, दुसऱ्यात पानासारखी हिरवी, आणि हा माणूस मला विचारतोय कोणती. मी गुपचूप लालवर बोट ठेवलं. त्यानं त्या वायरीला दाताखाली धरून खूण केली आणि निघून गेला.

खरं सांगतो, मला आधी दया आली नाही. मला राग आला, तोबी सणसणून. इतकी वर्षं हा माणूस माझी गाडी पुरी झाली की येऊन मागं उभा राहायचा. माझे पोपट, माझे गुलाब, माझे मोर बघून म्हणायचा, पेंटर, लई झकास. लायनीत बाकी कुणी तोंडातून शब्द काढत नाही, हा एकटा बोलायचा. मी त्याच्या एका शब्दासाठी चहा पाजायचो. आणि ह्याला माझा गुलाब आणि गुलाबाचं पान एकच दिसत होतं! मी संध्याकाळी त्या भोकात कापडाचा बोळा कोंबला आणि घरी गेलो. जेवलोबी नाही नीट.

पण राग माझा रात्रभरच टिकतो. सकाळपर्यंत त्याची जागा कुतूहलानं घेतली होती. मी दुकान उघडल्या उघडल्या बोळा काढला, अप्पाला हाक मारली आणि माझे सगळे डबे झाकणं उघडून ओळीनं मांडले. म्हणलं, बस. आज फौजदार मी.

मग मी विचारत गेलो आणि तो सांगत गेला. लाल, हिरवा, तपकिरी, त्याच्या लेखी एकाच चिखलाचे तीन डबे. नारिंगी थोडा उजळ चिखल. निळा डबा मात्र त्यानं झटकन उचलला. पिवळा बघून तर तो लहान पोरासारखा खुलला, म्हणाला हा चांगला खणखणीत दिसतोय. टमाटं पिकलं की नाही हे तो दाबून बघतो. मिरची हिरवी की लाल, खाल्ल्यावर कळतं. सिग्नलला काय करतोस, मी विचारलं. तर वरचा दिवा थांब, खालचा जा, त्यात काय, म्हणाला. मला दर उत्तराला नवा प्रश्न पडत होता. इतकी वर्षं मी त्याच्यावर हसलो, आणि आता कळलं की प्रश्न विचारायला काय मजा असते.

उस्तादाकडं लपलं कसं, हेबी विचारलं. लपवायची गरजच पडली नाही म्हणे. तिथं यायचे ते सगळे जुने ट्रक, वायरी मातकट झालेल्या, डोळसालाबी रंग दिसत नसे. त्यानं हाताचा रस्ता धरला आणि तोच पुढं कामाला आला. पुढं रंगीत वायरी आल्या. तेव्हा लग्न होऊन नीलाबाई आली होती. तिला त्यानं पहिल्या महिन्यात सांगितलं. तेव्हापासून ती रोज डबा घेऊन येते आणि गाठी मारते. लाल असली तर एक गाठ, हिरवी असली तर दोन. मी मनातल्या मनात त्या बाईला हात जोडले. बाहेर कुणाला सांगायचं म्हणलं तर वायरमनला लाल दिसत नाही म्हणल्यावर त्याच्या हातात गाडी कोण देणार?

शेवटी मला जे विचारायचं होतं ते विचारलं. मग माझे गुलाब तुला काय दिसत होते रे? लई झकास कशाला म्हणायचास? अप्पाला माझ्या रागाचं नवल वाटलं.

"मी रंगाला कधी चांगलं म्हणलो? तुझी पाकळी एका दमात वळतीया. बाकीच्यांची तीनदा ब्रश उचलून वळती."

मी आठवून बघितलं. खरंच, त्यानं कधी रंगाचं नावच काढलं नव्हतं. वळण, रेघ, चोच, शेपटीचा झोक, एवढंच. बाकी सगळं गाव माझ्या लाल रंगाला भुलायचं. आणि माझा हात कसा फिरतो, हे ज्याला रंग दिसत नव्हता त्यालाच दिसलं होतं. माझ्या डोळ्यात पाणी आलं, ते मी टर्पेंटाइनवर ढकललं.

पासिंगला मोजके दिवस राहिले होते. मी नीलाबाईच्या जागेवर टोपली घेऊन बसलो. पण मला नुसत्या गाठी मारून चालेना. गाठ टोकाला असते, आणि अप्पा ट्रकच्या पोटाखाली मधली वायर धरून मला ओरडून विचारायचा. तेव्हा मी माझं डोकं लावलं. बारीक ब्रश घेतला, पांढरा रंग घेतला आणि वायरीवर वीतभर अंतरावर कडी काढत गेलो. लाल वायरीला एक कडं, हिरवीला दोन, तपकिरीला तीन. शेषेरावची रंगाची अट तशीच राहिली, आणि अप्पाला कुठंबी धरली तरी वायर कळायला लागली. पाठीवर पडून तो दिव्याच्या उजेडात एक एक कडं बघायचा आणि खालूनच ओरडायचा, पेंटर, ह्या कड्याचा हात जरा घाईत फिरला. अशा माणसाला काय म्हणावं!

काम असं रंगात आलं असताना शेषेराव न सांगता आला. बघतो तर काय, पेंटर वायरीला नक्षी काढतोय आणि वायरमन ट्रकखालून कडी मोजतोय. त्यानं विचारलं हे काय. मी झटकन थाप मारायला तोंड उघडलं, म्हणलं मामा, नवी पद्धत हाय, आता मोठ्या शहरात अशीच... तेवढ्यात अप्पा ट्रकखालून सरकत बाहेर आला. अंगाला माती, हातात वायर. मी त्याला डोळ्यानं खुणावत होतो, गप बस म्हणून. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

"मामा, मला लाल अन् हिरवी एकच दिसती. म्हणून ह्यानं खुणा केल्यात. गाडी न्यायची असली तर न्या."

समोरच्या गॅरेजातले दोघं दाराशी आले. शेषेरावचं तोंड लाल झालं, म्हणजे मला लाल दिसलं. तो चहाच्या गाड्यावर जाऊन बसला. एक चहा पिला, दुसरा मागवला. अप्पा तिथंच मातीत बसून राहिला, आणि मला कळलं की हा मनातून दुकानाच्या कुलपापर्यंत जाऊन आलाय. मला वाटलं, उठावं आणि शेषेरावची गचांडी धरावी. पण त्याचंबी काय चुकलं? त्याचा बाप त्या गाडीत आयुष्य काढून गेला होता.

शेषेराव आला. ट्रकच्या मागं गेला, पुढं आला, स्टेरिंगखाली वाकून ती कड्यांची वायर बोटानं चाचपली. मग अप्पाला म्हणाला,

"पासिंगला तू गाडीत बसायचं. माझ्या बाजूला. जळलं तर दोघं जळू."

अप्पानं हाव म्हणलं.

आणि खंडोबाचं काय, असं शेषेरावनं जाता जाता विचारलं. अप्पा म्हणाला, देव ब्रेकलाच लागंल, उमाशंकरचं म्हणणं खोटं न्हवतं. फक्त त्याला जाड वायर, वेगळा रस्ता आणि त्याचा स्वतःचा फ्यूज दिला. बल्ब मात्र जुना लाल काढून पिवळा टाकला. भंडाऱ्याचा देव, त्याला पिवळाच शोभतो, असं शेषेरावला सांगितलं. खरं कारण मला माहीत होतं.

पासिंगच्या दिवशी मीबी गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. शेडला झाप लावलं आणि मागं फळ्यांत जाऊन बसलो, तळाला उरलेल्या कापसाच्या बोंडांत. मैदानात गाड्यांची ही रांग. आमचा नंबर आला, साहेबानं हेडलाइट बघितले, डिपर बघितला, दोन्ही इंडिकेटर बघितले. मग मागं जाऊन उभा राहिला आणि ओरडला, ब्रेक. मी फळीच्या फटीतून केबिनमधी बघत होतो. शेषेरावचा पाय ब्रेकवर, आणि तो दाबतच नाही. साहेब पुन्हा ओरडला. शेषेरावनं डोळे मिटून ब्रेक दाबला.

हॉर्न वाजला नाही. मला काहीच ऐकू आलं नाही, मागून कुणीतरी तंबाखू थुंकल्याचं तेवढं. अप्पाची मान समोर खंडोबाकडं होती. खंडोबा पिवळाधमक उजळला आणि अप्पानं मान हलवली, काच कोमट लागल्यावर हलवायचा तशी. त्याला मागं जाऊन बघायची गरज राहिली नव्हती. साहेबानं हॉर्न सांगितला, हॉर्न वाजला, देव शांत. गाडी पास झाली. शेषेराव उतरला आणि चाकाला हात लावून तोच हात कपाळाला लावला. अप्पाला तो चांगलं काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, पुढल्या आठवड्यात ट्रॅक्टर आणून लावतो, त्याचाबी सेल्फ उचलत नाही. अप्पानं लगेच विचारलं, ट्रॅक्टर कोण चालवतं? आणि परतीच्या रस्त्याभर दोघांचं तेच चालू होतं.

आता फाळका माझ्याकडं आला. ट्रकचा मागचा फाळका म्हणजे आमची पाटी, सगळी दुनिया तो वाचत येते. शेषेराव म्हणाला, गुलाब आणि पोपट पाहिजेत, बाकी तुझ्या मनासारखं. मी लालचा डबा उघडला आणि पुन्हा झाकण लावलं. हिरव्याला हात लावला नाही. निळे गुलाब काढले, गर्द निळे, आतून फिकट होत गेलेले. पोपट पिवळे. पानं पांढरी, काळ्या शिरांची. उभ्या आयुष्यात असलं काही केलं नव्हतं. लायनीतले लोक येऊन म्हणायचे, पेंटर, लाल संपला का? मी त्यांना हाकलून लावलं. शेषेरावनं बघितलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, लांबून ओळखू येईल एवढं खरं.

त्याच दिवशी नीलाबाई चाकूरहून आली, शिल्पाला मुलगी झाल्याचे पेढे घेऊन. फाळक्यापुढं थबकली. निळ्या गुलाबाकडं बघितलं, पिवळ्या पोपटाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. तिला कळलं. तिनं पेढ्याचा अख्खा पुडा माझ्या हातात दिला आणि पदर तोंडाला लावला.

अप्पा हात पुसत आला. फाळक्यापुढं उभा राहिला. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो, लई झकास कधी म्हणतो म्हणून. तो एक पाऊल पुढं गेला, मग बाजूला जाऊन तिरका बघितला. मग त्यानं एका गुलाबाच्या काठावर बोट ठेवलं आणि म्हणाला, पेंटर, इथं तुझा निळा पाकळीच्या बाहेर सांडलाय.

मी जाऊन बघितलं. सांडला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं माझ्या रंगात चूक काढली. एरवी कुणी असं बोललं असतं तर मी ब्रश फेकून मारला असता. मी पेढा तोंडात टाकला, बारीक ब्रश घेतला आणि त्याला म्हणलं, अजून कुठं कुठं सांडलाय ते दाखव.